खिळ्यावरची रोटी

हे विश्वंभरा, तुला नमन. आकाश हे तुझे छत आणि धरणी हे तुझे जोते. पाखराला काडी तू पुरवतोस, मुंगीला वारूळ तू सुचवतोस, आणि माणसाला चार भिंती देताना मात्र एकदा त्याचे मन खणून पाहतोस. या शहरात तुला परवरदिगार म्हणतात. हाक कोणत्याही नावाने घालावी, ती एकाच दारी पोचते. त्या दारी मस्तक टेकवून मी समरकंदच्या मुहय्योची कथा मांडतो. तिचे शब्द तूच सांभाळ, कारण तिचे घर तूच सांभाळलेस.

मुहय्यो ट्रामवर तिकिटे फाडते. रेल्वे स्थानकापासून सियोब बाजारापर्यंत आणि बाजारापासून पुन्हा स्थानकापर्यंत, हाच तिचा परिक्रमेचा मार्ग. सारी ट्राम तिला 'ओपा' म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावे तशी. दिवसभर लोकांना आपापल्या घरी पोचवणाऱ्या या बाईला स्वतःचे घर नव्हते. नवरा ऐन उमेदीत गेला. पदरी एक मुलगी, दुर्दोना. भाड्याच्या खोलीत जरा पडदे लावावेत, कुंडीत तुळशीसारखी रयहान रुजवावी, तोच मालक दारात उभा: "ओपा, रागावू नका हं, वसंतात परदेशी पाहुणे येतायत. खोली लागेल."

तसा काळच आला होता. निळ्या घुमटांच्या आसपासची जुनी अंगणे हॉटेलवाल्यांनी अशी वेचली, जशा चिमण्या वाळत घातलेली तुती वेचतात. आज ज्या अंगणात बाई कणीक मळत होती, तिथे उद्या पांढऱ्या चादरींची रांग वाळत असे. घर विकायचे आहे, एवढे कोणी कुजबुजले की संध्याकाळी दाराशी दलालांच्या चार मोटारी. अशा बाजारात ट्रामवालीने काय घ्यावे?

आणि तरी तिला घर मिळाले! आमच्याच गल्लीतले, द्राक्षाच्या मांडवाचे. विकणारा नुसरत-अका; थोरल्या भावाला आमच्याकडे अका म्हणतात. त्याने दलालांना दारातूनच परत पाठवले आणि मुहय्योला बोलावून सांगितले, "ओपा, हॉटेलला देऊन मी माझ्या बापाच्या अंगणात अनोळखी बुटांचे ठसे का उमटू देऊ? तुम्ही घ्या. फक्त लवकर करा."

तिने नवऱ्याचा बागेतला वाटा विकला, लग्नातले झुमके विकले. घर पाहायला गेली तेव्हा आतल्या खोलीत भिंतीवर, खिळ्याला, एक वाळलेली रोटी टांगलेली दिसली. कडेला चावल्याची खूण, स्पष्ट दातांची. आमच्याकडे दूर जाणारा माणूस उंबरठ्यावर रोटीचा एक घास चावतो. उरलेली रोटी घरचे भिंतीवर टांगतात. ती वर्षानुवर्षे त्याची वाट पाहते, आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची असते.

"ही कोणाची, अका?"

"मुलाची माझ्या. फौजेत गेलाय. नव्या घरी येऊन खाईल."

एवढेच विचारले तिने. पुढे गल्लीतल्या वडीलधाऱ्यांसमोर नुसरतने ताजी रोटी मोडून अर्धी तिच्या हातात ठेवली, सर्वांनी हात पसरून दुवा मागितली, आणि व्यवहार पक्का झाला. कागद झाले, शिक्के झाले. पण मुहय्योच्या लेखी खरा शिक्का त्या मोडलेल्या रोटीचाच होता. रोटी मोडून कोणी खोटे बोलतो का? ही तिची चूक, सज्जनहो, आणि अशी चूक करायलाही निर्मळ मन लागते.

राहायला आली तो दिवस. डोक्यावर गाद्यांचे गाठोडे, ओठांवर नामस्मरण. दार उघडले आणि पाहते तो काय, नुसरतने दाराची कडी नेली होती, दिव्यांची बटणे नेली होती, मांडवाच्या काठ्यासुद्धा उपटून नेल्या होत्या. घर सोलून काढले होते. आणि त्या सोललेल्या घरात, आतल्या भिंतीवर, खिळ्याला, ती रोटी तशीच!

गाठोडे तिच्या डोक्यावरून खाली पडले.  दिव्याचे बटण नेणारा बाप मुलाची रोटी विसरेल? रोटी मागे ठेवणे म्हणजे मुलाची वाट बंद करणे. कोणता बाप ते करील? कोणताच नाही. मग ही रोटी त्याच्या मुलाची नव्हेच!

ती तशीच भिंतीपलीकडच्या ओयसारा-बीबीकडे धावली. बीबी गल्लीतली सर्वांत म्हातारी. जर्दाळू फोडत बसली होती.

"बीबी, त्या घरातली रोटी कोणाची?"

बीबीचा हात थांबला. "तुला नाही माहीत?"

"मला कोण सांगणार?"

"संजारची गं. नुसरतचा धाकटा भाऊ. तिकडे उत्तरेत बर्फात, गॅसच्या कामावर असतो. जाताना आईने टांगली ती. आई गेली, तेव्हा त्याला पोचता आलं नाही. लाजेने मग आलाच नाही."

"भाऊ? म्हणजे अर्धं घर..."

"बापाचं घर. अर्धं त्याचं, अर्धं याचं. याने एकट्याच्या नावावर करून घेतलं."

 हॉटेलवाल्यांना नुसरतने का हाकलले, ते मुहय्योला आता लख्ख दिसले. त्यांच्या वकिलांनी शंभर प्रश्न विचारले असते. ही विधवा एकच विचारून गप्प बसली. जिला ती देवाची कृपा समजत होती, ती एका माणसाची हिशेबी निवड होती. उद्या तो भाऊ न्यायालयात उभा राहिला, तर व्यवहार मोडेल. बागेचा वाटा गेलेला, झुमके गेलेले. मायलेकी पुन्हा रस्त्यावर.

"बीबी, तुम्ही सगळे तिथे होता. दुवेला हात पसरलेत. एकानेही तोंड उघडलं नाही?"

म्हातारीने मान खाली घातली. "बोललो असतो तर घर हॉटेलला गेलं असतं. म्हण आहे ना आपल्यात, अंगण घेऊ नका, शेजारी घ्या. आम्ही शेजारी घेतला, पोरी. तुला घेतलं."

हा दुसरा घाव पहिल्याहून खोल होता, कारण तो प्रेमाने घातलेला होता.

दुर्दोना कामावरून आली. ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "आई, ती काढून कोंबड्यांना टाक! ना रोटी राहील ना भाऊ."

"रोटी टाकायची?"

"मग काय, आरती करायची तिची? तो आला तर आपण कुठे जायचं? तुझ्या ट्रामच्या डेपोत?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा दलाल गंध हुंगत आलाच. "ओपा, आम्हाला द्या. भावाबिवाला आमचे वकील बघून घेतील. तुम्ही तुमचे पैसे घेऊन सुटा. आणि ती भिंतीवरची रोटी उतरवा आधी, कोणी पाहिली तर भाव पडेल."

"भाव पडेल," मुहय्यो म्हणाली, "आणि मी नाही पडणार?"

तिने रोटीवरची धूळ पुसली, उंदीर लागू नये म्हणून नवे धुतलेले फडके भोवती बांधले, आणि बीबीकडून संजारचा नंबर घेतला. ईदेला तो बीबीला एक फोन करी. घराचे काही विचारत नसे, बीबीही सांगत नसे. मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. दुर्दोना हात जोडून मानेनेच नको नको म्हणत होती. मुहय्योने फोन लावला.

"मी मुहय्यो. तुमच्या आईच्या घरात राहते. तुमच्या भावाने मला ते विकलंय. तुमची रोटी इथे भिंतीवर आहे. येऊन खा."

पलीकडे वारा घोंघावत होता. त्यातून एक फाटका आवाज: "रोटी आहे?"

"आहे की."

"अका म्हणाला होता, छत कोसळलं, आईची रोटी मातीत गेली. मला वाटलं, माझी वाटच संपली."

 भावाने भावाला घराबाहेर काढले होते, आणि कशाने? रोटी पडली, एवढ्या एका खोट्याने! कुलूप नाही, कोर्ट नाही, एक वाक्य. 

संजार आला तेव्हा सारी गल्ली दारांत उभी होती. मुहय्यो उंबरठ्यावर, मुठीत किल्ल्या. संजार उंच, वाऱ्याने भाजलेला माणूस. तो थेट आत गेला, भिंतीसमोर थांबला, फडके सोडले, आणि स्वतःच्या तरुणपणच्या दातांकडे पाहत राहिला.

"ओपा, मी आलो तर घर जाईल, हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"तरी ठेवलीत?"

"काढणारी मी कोण? दात तुमचे आहेत."

तो आईच्या खोलीत जमिनीवर बसला. रोटी चहात भिजवून एकेक तुकडा खाऊ लागला. दगडासारखी वाळलेली ती रोटी विरघळत होती आणि तिच्याबरोबर दारातले सारे विरघळत होते. शेवटचा चुरा त्याने तळहातावरून जिभेने टिपला. मग वर पाहिले. "बीबी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"होतं रे. मार मला."

"मारतो कसला? तुमच्या शेजारणीच्या निवडीला दाद देतो." आणि तो रडता रडता हसला. "माझा वाटा माझ्या भावाकडे आहे, या बाईच्या भिंतीत नाही."

तेच त्याने वडीलधाऱ्यांसमोर सांगितले, नोटरीसमोर सही करून सांगितले. नुसरतला बोलावणे गेले. तो आला, दुवेसाठी सर्वांनी हात पसरले तेव्हा त्याचे हात काही केल्या मांडीवरून उठेनात. धाकट्याचा वाटा तो आता देतो आहे, कुरकुरत, तुकड्या-तुकड्याने. गल्लीत त्याला अजून कोणी चहा विचारत नाही.

संजारला कामावर परतणे भाग होते. निघताना मुहय्योने तंदुरातली ताजी रोटी त्याच्यापुढे धरली.   त्याने उंबरठ्यावर एक मोठा घास चावला आणि उरलेली तिच्या हातात दिली. खिळा उंच होता. खुर्ची दुर्दोनाने आणली, आणि आई वर चढली तेव्हा खुर्ची घट्ट धरूनही तिनेच ठेवली.

हे दयाघना, त्या खिळ्याला बळ दे. मुहय्योच्या छताला तडा जाऊ देऊ नकोस, तिच्या मांडवाला दरसाल घोस दे, दुर्दोनाची ओंजळ भरलेली ठेव. बर्फात राबणाऱ्या त्या लेकाला सुखरूप वाटेला लाव, नुसरतचे हात एक दिवस दुवेसाठी उठू दे, आणि त्या घरातली रोटी भिंतीवर कधी कायमची वाळत राहू नये, एवढे कर.