भाकरीच्या तव्यावरच्या जपानी शेवया

लोण्यात लसूण परतल्याचा वास आला की मला चिंचवडचं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर आठवतं. कंपनीने ह्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "आज तू बस, मी करतो." तिथे तापल्या लोखंडी पत्र्यावर गिऱ्हाइकांसमोर नूडल्स परततात, त्या ते शिकून आले होते. आपल्याकडे तेव्हा नूडल्स कुठल्या, म्हणून जाड शेवया उकडून त्यांनी भाकरीच्या तव्यावर लोणी, लसूण आणि तिथून आणलेला काळा सॉस घालून परतल्या. बघायला शेजारच्या दोघी आल्या होत्या. एक म्हणाली, "वहिनी, शेवया करपल्या की काय?" मी एक घास खाल्ला, त्या दोघींकडे बघत तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ह्यापेक्षा आपली खीर बरी." दोघी खूप हसल्या. सगळ्या शेवया स्वतःच्या ताटात घेऊन ह्यांनी मान खाली घालून संपवल्या, तवाही स्वतःच घासला आणि पुन्हा कधी चुलीपाशी आले नाहीत. तो घास मला आवडला होता. एवढी साधी गोष्ट ते जाईपर्यंत मी त्यांना सांगू शकले नाही.