कॅथरिनबायच्या फियाटचं हँडल

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सतरा नंबरच्या गाळ्यात युजीन तुस्कानो बसतो. बसतो म्हणजे खरोखरच बसतो. शेजारच्या गाळ्यांत मशिनं धडधडतात, माल चढतो, माल उतरतो, टेम्पोवाले एकमेकांच्या आयांची मोठ्याने चौकशी करतात. युजीनकडे एक स्टूल, एक बर्नर, ओल्या वाळूचा ट्रे आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जुन्या गाड्यांचे तुटके अवयव. हँडलं, आरशांचे दांडे, बॉनेटवरचे पंख मोडलेले पक्षी.

त्या काळच्या गाड्यांना ही नक्षी जस्ताचा मिश्रधातू ओतून करायचे आणि वरून क्रोमचा मुलामा चढवायचे. दिसायला राजबिंडं, आतून बिस्किट. साठ वर्षांनी ते बिस्किट तुटतं, आणि तुटलं की कुणी वेल्डिंगवाला हात लावत नाही. अॅल्युमिनियमवाले जोडाला साबण चोळतात. साबण काळा पडला की ताव आला असं समजतात. इथे साबण काळा पडेपर्यंत तुमचं हँडल हँडल राहत नाही, टेबलावर थारोळं होतं. लोखंड लाल होऊन सांगतं तरी. हा धातू काहीच सांगत नाही. आहे, आहे, आहे, आणि नाही.

"लोखंड नाय, पितळ नाय, अॅल्युमिनियम नाय," शेजारचा सदानंद म्हणायचा. त्याच्याकडे बाटल्यांची बुचं बनतात. "मग हाय काय नेमकं? तुस्कानो, तुझ्यासारखंच झालं हे. कशातच धरता येत नाय."

युजीन हसायचा. उत्तर देण्याइतकं बोलायची त्याला सवय राहिली नव्हती. होळी गावात दोन खोल्या, आई जाऊन सात वर्षं झालेली, लग्न राहून गेलेलं. सकाळी बेकरीत "दोन पाव", संध्याकाळी रिक्षावाल्याला "होळी, चर्चजवळ". एखाद्या दिवशी बेकरी बंद असली तर पहिला शब्द थेट संध्याकाळीच तोंडातून निघायचा, तोही घोगरा. वय एकसष्ट. त्यात हल्ली लोक मोबाईलवर नवं हँडल मागवतात आणि जुनं भंगारात टाकतात. खिळ्यांवरचा बराचसा माल तर असा होता, की ज्यांनी दिला ते परत आलेच नव्हते.

मार्चमधल्या एका शनिवारी सुक्या बोंबलांची टोपली दारात टेकली. मागोमाग कॅथरिनबाय. अर्नाळ्याची. शनिवारी सातिवलीतल्या कामगारांना सुकी मासळी विकायला यायची. पदराच्या गाठीतून तिने हँडलचे दोन तुकडे काढले.

"हे जोडतो तो तूच काय रे?"

"हो."

"मग बघतंस काय? जोड."

तिचा नवरा मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्याने हौसेने स्वतःची एक जुनी फियाट घेऊन ठेवली होती. तो गेला, गाडी राहिली. गल्लीतली प्रत्येक नवरी त्याच गाडीतून चर्चला जायची. उजवीकडचं मागचं दार एका टेम्पोने कधीच चेपून टाकलेलं, ते उघडतच नाही. डावीकडचं हे हँडल आता मानेत तुटलं होतं. मेच्या पहिल्या रविवारी भाची जेनिफरचं लग्न.

"नवीन मिळतं ऑनलाइन," युजीन प्रामाणिकपणे म्हणाला.

"मिळतं ना. मना ठाव हाय. माज्या मानसाचा अंगठा झिजलाय यावर. तो मिळतो काय ऑनलाइन?"

खरंच, हँडलच्या टोकाला अंगठ्याएवढी जागा चमक जाऊन मऊ झाली होती. युजीनने त्यावर आपला अंगठा ठेवला नाही.

पुढच्या शनिवारी ती बघायला आली. मग त्याच्या पुढच्या. टोपली दारात, स्वतः उलट्या केलेल्या डब्यावर, हातात टपरीचा चहा. आणि काय नकला! लिलावात बोली लावणारा भय्या, नाकातून मिस्सा म्हणणारे जुने फादर, "आमच्या वेळी हळद अशी नव्हती" म्हणणारी सासू. सासूची नक्कल करताना तोंड असं मुडपायची की दात गेलेत असंच वाटावं. युजीन इतका हसायचा की सदानंद बुचं सोडून डोकवायचा.

"काय तुस्कानो, मजा हाय! बोंबलाचा वास आला की समजायचं, शनिवार."

"तुला पन पायजे का रे वास?" कॅथरिनबाय विचारायची. "पाव किलो घे, घरभर येल."

तिसऱ्या शनिवारच्या आधीच हँडल तयार झालं होतं. युजीनने तुटल्या कडा कानशीने साफ केल्या, तुकडे वाळूत बसवले, ज्योत लांबून फिरवत त्याच धातूच्या कांडीचा एकेक थेंब फटीत भरला, मुलामा चढवून आणला. अंगठ्याची जागा तेवढी मुलामेवाल्याला झाकायला लावून तशीच ठेवली. आयुष्यात इतकं चांगलं काम झालं नव्हतं. ते त्याने खणात ठेवलं, आणि कॅथरिनबाय आली तेव्हा म्हणाला, "सांधा बसतोय अजून."

चौथ्या शनिवारी: "मुलामेवाल्याकडे लाइट नव्हती."

पाचव्या शनिवारी तिने डबा पुढे ओढला. "युजीन, लग्न आलं. दाखव तरी."

दाखवलं असतं तर ती घेऊन गेली असती. आणि मग अर्नाळ्याच्या बाईला सतरा नंबरच्या गाळ्यात काय काम?

"मानेजवळ आत बुडबुडा राहिलाय," तो म्हणाला. "उकलून परत भरतो. पुढच्या शनिवारी नक्की."

"बुडबुडा," ती म्हणाली. "बरं."

ती गेली आणि युजीनला चैन पडेना. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, बोलायचीच नव्हती म्हणा. लाइट नाही, सांधा बसतोय, हे हवेतलं होतं, विरून गेलं. पण हा बुडबुडा त्याने हाताने दाखवून सांगितला होता, इथे, मानेजवळ. त्यावर त्याने जो मार्ग काढला तो फक्त युजीन तुस्कानोच काढू जाणे. गुरुवारी त्याने खणातून हँडल काढलं, मानेवरचा मुलामा घासला आणि सांधा खरोखर उकलायला घेतला. म्हणजे मग खोटं राहणार नव्हतं. उकलायचं, भरायचं, सांगितलं तसंच.

जोडलेल्या जागी हा धातू दुसरा ताव सहन करत नाही. हे सातिवलीत एकालाच माहीत होतं आणि तो एकटाच तिथे बर्नर धरून होता.

हँडल चमकत राहिलं. बाहेरून क्रोम जसाच्या तसा, गुळगुळीत, आणि आत सगळं पाणी झालेलं. युजीनने ज्योत मागे घेतली. मग तो चमकता मुलामा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, फाटला, आणि राखाडी थेंब वाळूत उतरले. अंगठ्याची जागा सगळ्यात शेवटी गेली.

शनिवारची वाट न बघता तो शुक्रवारीच बसने अर्नाळ्याला गेला. कॅथरिनबाय बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. त्याने कागदाची पुडी तिच्या हातावर ठेवली. तिने उघडली.

"ह्ये काय?"

"हँडल."

युजीन बोलायला लागला, आणि थांबेचना. वर्षाचे शब्द त्याने तिथे उभ्या उभ्या खर्च केले. बुडबुडा नव्हता. लाइट होती. हँडल तिसऱ्या शनिवारच्या आधीच झालं होतं, खणात होतं.

"म्हंजी झालेलं होतं?"

"झालेलं होतं."

"आनि तू परत आग लावलीस."

"हो."

ती पुडीकडे बघत राहिली. एक बोंबील वाऱ्याने खाली पडला, तो तिने उचलला नाही. डोळ्यांत पाणी होतं की वारा, युजीनने बघितलं नाही. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"मेल्या," ती शेवटी म्हणाली, "येत जा म्हनून सांगायला तोंड नव्हतं तुला?"

युजीनने खिशातलं पाकीट काढलं.

"नव्या हँडलचे पैसे मी..."

"नवीन मना नको. ते दार आता आतूनच उघडेल. रविवारी तू यायचं आनि गाडीत बसायचं. नवरा-नवरी आली की उघडायचं."

"ड्रायव्हर मागे हात घालून उघडेल की."

"जेनिफरच्या लग्नात ड्रायव्हर शीटवर लोंबकळनार? ज्यानं मोडलं त्यानं उघडावं. इस्त्रीचा शर्ट घाल."

रविवारी युजीन पांढरा शर्ट घालून आला. गाडीला फुलं लावली होती. नवरी चर्चला उतरली, सगळे आत गेले, ड्रायव्हर सोडा प्यायला गेला. युजीन मागच्या सीटवर एकटा. काचेतून गाणी येत होती. आतला दांडा पितळी होता, हातात घट्ट. दोनदा त्याने उघडून बघितलं, चालतंय ना. एका मुलीने काचेला नाक लावून त्याला बघितलं आणि "मम्मा, आत अंकल आहे" म्हणून ओरडत पळाली.

सव्वा तासाने घंटा वाजली, बँड सुरू झाला, लोक बाहेर लोटले. गर्दीतून कॅथरिनबायचा आवाज आला, "युजीन! उघड!"

त्याने दांडा ओढला, दार उघडलं, बाहेर उतरून दार धरून उभा राहिला. जेनिफर आत बसली, तिच्या मागोमाग नवरा, मग तो लांबलचक पांढरा झगा. युजीनने झगा आत सारला, दार लावलं. पुढच्या सीटवर कॅथरिनबाय ड्रायव्हरला गाडी कशी चालवतात ते शिकवत होती. गाडी गेली. फुलांच्या चार पाकळ्या आणि युजीन रस्त्यावर राहिले.

जेवणाच्या मंडपात तो बँडच्या मागोमाग चालत पोचला. कॅथरिनबाय लांब कुठे तरी मोठ्याने हसत होती, सासूचं तोंड करून, आणि भोवती दहा-बाराजण. त्याने टोकाची खुर्ची घेतली. शेजारी कोट घातलेले एक गृहस्थ बसले होते, त्यांनी पावाची परडी पुढे केली.

"आपण मुलीकडचे की मुलाकडचे?"

युजीनने जरा विचार केला.

"गाडीकडचा," तो म्हणाला.

"अच्छा, अच्छा, ड्रायव्हर," गृहस्थ मान हलवत म्हणाले, आणि दुसरीकडे वळले.

युजीनने एक पाव घेतला. मंडपाच्या त्या टोकाला नक्कल संपून दुसरी सुरू झाली होती, आता फादरची. इथवर शब्द ऐकू येत नव्हते. तरी कुठे हसायचं ते त्याला पाठ होतं, आणि तिथे तो हसला.