पोळ्याच्या दुपारी सोडलेलं पाणी

पावसाळ्यात मी तहसीलच्या आपत्ती कक्षात बसते. कक्ष आपलं म्हणायचं. जुन्या फायलींच्या खोलीला प्लायवूड लावून पुढचा अर्धा भाग आम्हाला दिलाय. एक टेबल, एक फोन, भिंतीवर नद्यांचा नकाशा. हवामानाचा इशारा आला किंवा वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, की तो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा, हे माझं काम. ग्रुपमध्ये नदीकाठच्या गावांचे तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, सगळे आहेत. मेसेजखाली त्यांचे अंगठे येतात. जितके अंगठे, तितकी गावं सावध झाली, असं मी वर कळवते.

त्या अंगठ्यांचा मला मनापासून राग येतो. गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून तर जास्तच.

पोळ्याची सुट्टी होती, पण कक्षाला सुट्टी नसते. आमच्याकडे कडक ऊन पडलं होतं. सकाळपासून ग्रुपवर झुली घातलेल्या बैलांची चित्रं आणि शुभेच्छा येत होत्या. दुपारी धरणाचा मेसेज आला: वरच्या भागात पाऊस जोरात, दरवाजे उघडत आहोत, नदीपात्रात कोणी उतरू नये. मी तो ग्रुपवर टाकला. त्याच्यावर लगेच आणखी दोन बैल येऊन बसले. अंगठा एकही नाही.

मी फोन लावायला घेतले. सुरुवात आमच्याच गावापासून केली, कारण ते अगदी नदीला लागून आहे आणि तिथं माझे आईबाबा राहतात. पोलीस पाटलांचा फोन त्यांच्या बायकोनं उचलला. "ते बैलं धुवाले नदीवर गेले न वं. मोबाईल घरीच हाये, पान्यात पडते म्हनून." सरपंचांचा फोन सुनेनं उचलला. तेही नदीवर. कोतवाल नदीवर. तलाठी सणाला उमरखेडकडे आपल्या गावी गेलेला, तिथं त्याच्या भावानं उचलला. तलाठी तिथल्या नदीवर.

ज्यांनी लोकांना नदीतून बाहेर काढायचं, ते झाडून सगळे नदीत उभे होते. पोळ्याच्या दुपारी आमच्याकडे गावातला धडधाकट पुरुष घरात सापडत नाही. कंबरभर पाण्यात तो बैल घासत असतो, आणि त्याचा मोबाईल घरी खुंटीवरच्या पिशवीत असतो. हे या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? दरवाजे उघडणाऱ्याच्या घरीही पोळा असतोच की.

मग मी घरी लावला. आईनं उचलला, मागे पोळ्या भाजल्याचा आवाज.

"आई, बाबा कुठं हायेत?"

"नदीवर. आज आनखी कुठं राह्यतीन?"

"धरणाचं पानी सोडलं. सगळ्याईले बाहेर काढ."

"आभाळ तं कोरडं हाये, बाई."

"वरून येऊन राह्यलं, आई. तू पळ."

"तुहा बाप माह्यं ऐकते काय?" असं म्हणाली, पण तवा खाली उतरवल्याचा आवाज मी ऐकला. फोन तिनं तसाच चुलीपाशी ठेवला असणार. मी बराच वेळ हॅलो हॅलो करत बसले आणि पलीकडून एक कोंबडी तेवढी ऐकू येत होती.

पुढचं मला नंतर कळलं. आई काठावर उभी राहून ओरडली तेव्हा पुरुष हसले. ऊन पडलंय आणि पूर येतोय म्हणे. मग पाण्याचा रंग बदलला, गढूळ झालं, तेव्हा धावपळ सुरू झाली. माणसं सगळी बाहेर आली. बाबांनी एका बैलाला वर आणलं आणि दुसऱ्यासाठी मागे वळले. तो मधल्या खडकापाशी उभा होता, त्याला तिथं नेहमी आवडायचं. त्याचं दावं बाबांच्या हातात आलंही होतं. मग सुटलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर अंगठे यायला लागले. घरी येऊन, ओले कपडे बदलून, एकेकानं पिशवीतून मोबाईल काढला आणि अंगठा दिला. आमच्या पोलीस पाटलांनी तर 'नोंद घेतली' असंही लिहिलं. मी अहवाल पाठवला: जीवितहानी निरंक. माणसांचा रकाना वेगळा, जनावरांचा वेगळा, तेव्हा ते खोटं नव्हतं. तरी लिहिताना हात शिवशिवत होते, कोणाच्या तरी मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि द्यायला समोर कोणी नव्हतं.

बाबांना फोन केला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. बाबा एवढंच म्हणाले, "काल त्याले आवतन देल्लं व्हतं, बाई." मग फोन आईकडे दिला.

आढावा बैठकीत माझ्या कक्षाचं कौतुक झालं. सगळ्या गावांची पोच मिळाली होती ना. मी उभी राहिले आणि म्हणाले, पोच संध्याकाळची आहे, पाणी दुपारचं होतं. घराघरातल्या बायकांचे नंबर ग्रुपमध्ये घ्या, त्या दिवशी फोन त्यांच्याच हाती असतो. उत्तर आलं, ग्रुप फक्त पदाधिकाऱ्यांचा आहे. मग मी म्हणाले, निदान पोळ्याच्या सकाळी धरणावरून कळवा, आज पाणी सोडणार की नाही. साहेब माझ्याकडे समजूत काढल्यासारखे बघत म्हणाले, "मॅडम, इशारा असेल तर कळवतात. इशारा नाही, असं कळवायची तरतूद नाही."

मी खाली बसले. चहा आला होता, तो प्यायले.

बाबांनी दुसरा बैल घेतला नाही. यंदा सरकी आणि तूर शेजाऱ्याच्या बैलांवर पेरली. उरलेला एकटाच गोठ्यात असतो, दोन गव्हाणींपैकी आपल्या बाजूच्या गव्हाणीत खातो.

यंदाच्या पोळ्याला मी पुन्हा कक्षात. दुपार व्हायच्या आत माझा फोन वाजला. बाबा होते. आयुष्यात त्यांनी मला ऑफिसात कधी फोन केला नव्हता.

"बाई, आज पानी सोडून राह्यले काय?"

"अजून काही आलं नाही, बाबा."

"मंग जाऊ नदीवर?"

जा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "थांबा, विचारून सांगते."

"सांगजो. मी बसून हावो."

मी धरणावर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जिल्ह्याला लावला, ते म्हणाले आमच्याकडे काही नाही, धरणावर विचारा. धरणावर पुन्हा वाजत राहिला. तिथला माणूसही बैल धुवायला गेला असेल, असं मनात आलं आणि मला हसूही आलं नाही. ग्रुपवर झुली घातलेले बैल येत होते. आयुष्यभर कोणाचं न ऐकणारा माझा बाप ओसरीवर मोबाईल धरून सरकारच्या शब्दाची वाट बघत बसला होता, आणि माझ्याकडे त्याला द्यायला शब्द नव्हता. मधे आईनं एकदा फोन करून विचारलं, मी तेच सांगितलं, थांबा.

दिवस कलला. धरणावर कोणी फोन उचलला नाही, आणि पाणीही सोडलं नाही.

संध्याकाळी बाबांचा पुन्हा फोन आला. मागे डफड्याचा आणि घरी परतणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

"पोळा फुटला, बाई," ते म्हणाले. "आता तं सांग. धुवाले नेऊ काय त्याले?"