जाळायला काढलेलं चित्र

बाजारचौकातल्या डांबराला माझं नाक टेकलं तेव्हा आधी वास आला तो सुक्या मासोळीचा. बाजाराचा दिवस होता. मासोळीवाल्या बाया तिथंच ओळीनं बसतात. वरून भुरभुर पाऊस. डांबर ओलं, त्यावर चिखल, भाजीचा पाला, तंबाखूच्या खर्‍याच्या पिचकार्‍या. माझ्या मानेवर एक हात होता. जाड, गरम. बोटांत अंगठ्या. त्या अंगठ्या मानेच्या हाडात रुतत होत्या.

"रगड," सेठ म्हणाला. "ठीक से रगड. वीडियो में दिखना चाहिए."

मी रगडलं.

मला कोणी बांधलं नव्हतं. मानेवर हात एकच होता, आणि सेठ माझ्या बापाच्या वयाचा. मान झटकली असती तर सुटलो असतो. नाही झटकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला म्हणतात, तुझ्यावर जुलूम झाला. झाला. पण नाक मीच हलवत होतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. शाळेत पाटी पुसतात तसं.

मी पेंटर आहे. गोंदियाकडं, कामठ्याच्या पुढं आमचं गाव. गावात माझं नाव कोणी घेत नाही. पेंटर म्हणतात. बायकोला पेंटरीन म्हणतात. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, दिवाळीनंतर भरणार्‍या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे पडदे, सगळं केलं. मग फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. पडदेही गेले. राहिल्या फक्त भिंती, आणि आमच्या भागात भिंती म्हणजे सेठच्या भिंती. त्याची राईस मिल, त्याची गोदामं, धानाच्या गाड्या तोलायचा त्याचा धरमकाटा. वर इथला पक्षही त्याच्याच हातात. दर सणाला भिंत नवी करायची. वरच्या बाजूला देशाचे मोठे साहेब, खाली हात जोडलेला सेठ. जाड मिशी, हनुवटीला खड्डा, डाव्या गालावर तीळ. ते तोंड मी इतक्या वेळा काढलं आहे की झोपेतही काढीन.

आता त्या चित्राचं सांगतो.

कुठल्यातरी विदेशी पेपरात साहेबांची थट्टा करणारं चित्र छापून आलं. कुठल्या देशातला पेपर ते मला आजही ठाऊक नाही. टीव्हीवर दिवसभर तेच. देशाचा अपमान, देशाचा अपमान. पण चित्र दाखवताना टीव्हीवाले ते धूसर करून दाखवत. म्हणजे गावात सगळ्यांना अपमान झाला हे कळलं, काय झाला ते कोणालाच दिसलं नाही. तरी लोक चिडले. चहाच्या टपरीवर मीही चिडलो. उगाच खोटं कशाला बोलू.

मग वरून निरोप आला की गावोगावी त्या पेपरची होळी करायची. पण पेपर आणायचा कुठून? सेठचा माणूस गोपाल गोंदियाला जाऊन आला. बसस्टँड पाहिलं, रेल्वे स्टेशनचा स्टॉल पाहिला. तिथं मराठी होते, हिंदी होते, परीक्षांची पुस्तकं होती. विदेशी पेपर गोंदियात कोण वाचतो? शेवटी कोणीतरी त्याच्या मोबाईलवर ते चित्र पाठवलं. तो फ्लेक्सवाल्याकडं गेला. फ्लेक्सवाला हुशार. म्हणाला, साहेबांची खिल्ली माझ्या मशीनवर छापणार नाही, उद्या माझ्याच दुकानावर दगड येतील.

म्हणून गोपाल माझ्याकडं आला. चित्र मोठं काढ, कापडावर, लांबून दिसलं पाहिजे. बाजाराच्या दिवशी चौकात जाळायचं आहे.

ते चित्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साहेब फुगा झाले होते. आकाशात तरंगणारा मोठा गोल फुगा, त्याला साहेबांचं तोंड. फुग्याची नळी खाली आलेली. खाली एक ठेंगणा माणूस सायकलच्या पंपानं त्यात हवा भरतो आहे. त्याच्या मागं लोकांची रांग. किडकिडीत माणसं, प्रत्येकाच्या हातात सायकल, प्रत्येक सायकलीची हवा गेलेली. पंप रिकामा व्हायची वाट पाहत उभी आहेत. बस्स. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

मी बराच वेळ मोबाईल हातात धरून बसलो. गोपाल म्हणाला, पाहून का राहिला, काढ. मी मांजरपाट ताणला, चौकटी पाडल्या आणि काढायला लागलो. बर्‍याच वर्षांनी हाताला काम आल्यासारखं वाटत होतं. भिंतीवर हात जोडलेला माणूस काढणं हे काम नव्हे. हे काम होतं. सायकली काढल्या. रांगेतली माणसं काढली, त्यांच्या बरगड्या काढल्या. फुगा असा काढला की बोट लावलं तर फुटेल असं वाटावं.

अडचण आली ती पंपवाल्याची. मोबाईलमध्ये तो तांदळाच्या दाण्याएवढा. बोटांनी मोठा करून पाहिला तर नुसता डाग. डोळे नाहीत, नाक नाही. पण माझ्या कापडावर तो चांगला हातभर झाला होता. हातभर माणूस बिनतोंडाचा कसा ठेवणार? मी ब्रश टेकवला. मिशी आली. हनुवटी आली. गालावर एक टिंब आलं. मी पुढच्या कामाला लागलो.

बाजारात दोन बांबूंना कापड बांधून गोपालनं ते उभं केलं. सेठ आला. माईक आला. रॉकेलची बाटली आली. घोषणा झाल्या. आणि अर्ध्या घोषणेत लोक गप्प झाले. गावानं ते चित्र पहिल्यांदाच पाहिलं होतं. टीव्हीनं जे झाकलं ते यांनीच चौकात बांबूवर उभं केलं होतं. लोक रांगेकडं पाहत होते, सायकलींकडं पाहत होते. मग मासोळीवाल्या बायांतली एक म्हातारी अगदी साधेपणानं बोलली.

"हा हवा भरून राहिला, हा तं आपला सेठ होय ना वो."

पहिल्यांदा दोघं-तिघं हसले. मग तेलाच्या दुकानापुढचे हसले. मग अख्खा बाजार हसला. धान विकायला दिवसदिवस सेठच्या धरमकाट्यावर ताटकळणारे लोक ते. पोट धरून हसले.

सेठ चित्राजवळ गेला. मीही पाहिलं. आणि पाहिलं तेव्हा मलाही दिसलं. मिशी, खड्डा, तीळ.

"अबे पेंटर, ये किसका मुंह है?"

मी म्हणालो, "गलती हो गयी सेठ. हाथ को आदत है."

पुढचं सांगितलंच आहे. मला देशाची माफी मागायला लावली. साहेबांची माफी मागायला लावली. पण साहेबांचा अपमान तेव्हा कोणाच्या ध्यानातसुद्धा नव्हता. कापड जाळलंही नाही. सेठचं तोंड जाळायची हिंमत कोण करणार? गोपालनं ते गुंडाळून गाडीत टाकलं. ज्या चित्राची होळी करायला गाव गोळा केलं ते चित्र शाबूत राहिलं आणि माझ्या नाकाची सालटी निघाली.

घरी गेलो तर बायको शेतातून येऊन बसली होती. धानाच्या रोवण्या आटोपल्या होत्या, ती निंदणाला जात होती. व्हिडिओ माझ्या आधी घरी पोचला होता. तिनं खोबरेल आणलं, नाकाला लावलं. लावताना माझ्या डोळ्यांकडं पाहिलं नाही.

"का जी," ती म्हणाली, "काऊन घासलं नाक?"

काम गेलं असतं, मी म्हणालो. भिंती गेल्या असत्या.

"चित्र खोटं होतं का?"

"नाई."

"मंग माफी कायची मांगली?"

तिनं तेलाची बाटली उचलली आणि चुलीकडं गेली. नंतर तिनं तो विषय काढला नाही. काढला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

व्हिडिओ सौंदडला सासुरवाडीला गेला. साळ्याचा फोन आला, मी उचलला नाही. पानठेल्यावर जाणं बंद केलं. रस्त्यानं जाताना मागं कोणी हसलं की मान आपोआप खाली जायची. मानेला ती सवयच लागली. लाज वाटते म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. बायको भात वाढते तेव्हा तिच्या हाताकडं पाहवत नाही.

पण खरी लाज अजून पुढंच होती. सेठनं माझं काम तोडलं नाही. उलट वाढवलं. नव्या गोदामाची भिंत दिली. गोपाल म्हणाला, सेठ मोठ्या मनाचे, त्यांनी माफ केलं तुले. आणि मी गेलो. शिडी लावली. वर साहेब काढले. खाली हात जोडलेला सेठ काढायला घेतला. मिशी काढली. खड्डा काढला. त्या वेळी माझ्या मानेवर कोणाचाही हात नव्हता. कोणी व्हिडिओ काढत नव्हतं. मी एकटा होतो, आणि तरी माझं नाक त्या भिंतीला घासत होतं.

तीळ काढत होतो तेव्हा खाली एक सायकल थांबली. गावातलाच माणूस, खताची बोरी कॅरियरला बांधून चालला होता. बाजारात तोही होता. त्यानं एक पाय खाली टेकवला, भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"पेंटर," तो म्हणाला, "पंप राहिला गा."

आणि गेला. हसला नाही. टोमणाही मारला नाही. दाराला कडी लावायची राहिली असं सांगावं तसं सांगितलं.

मी शिडीवर तसाच बसलो. ब्रशातला रंग पायावर गळत होता. बाजारात लोक मला हसले नव्हते. मी इतके दिवस तसं धरून चाललो होतो. ते चित्राला हसले होते. त्यांनी पाहिलं होतं, त्यांना पटलं होतं. सेठला राग आला तो मी चुकलो म्हणून नाही. बरोबर काढलं म्हणून. सात समुद्रापलीकडच्या चित्रकारानं एक डाग सोडला होता आणि त्या डागात कोण बसतो हे माझ्या हाताला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. हात खरं बोलला. मग मी सगळ्या गावादेखत त्याला खोटं पाडलं. गलती म्हणालो, आदत म्हणालो. माझ्या आयुष्यातलं एकमेव खरं काम, आणि मी त्याची माफी मागितली.

मी खाली उतरलो. सेठच्या गालावरचा तीळ अर्धाच राहिला. आजही अर्धाच आहे.

पोळा जवळ आला तसा गोपाल पुन्हा आला. पोळ्याच्या दुसर्‍या दिवशी पहाटे आमच्या गावात मारबत निघते, बाईचा मोठा पुतळा. गावाची रोगराई, गावाची पीडा तिच्यासोबत शिवेबाहेर न्यायची आणि जाळायची. सोबत एखादा बडग्या असतो, ज्याच्यावर गावाचा राग असेल त्याचा पुतळा. पुतळा माझ्या बापाच्या हातचा असायचा, आता माझ्या. गोपाल म्हणाला, यंदा त्या विदेशी चित्रकाराचा बडग्या कर. डोक्यावर हॅट घाल, डोळे निळे कर, हातात ब्रश दे. सेठ स्वतः येतील. तुझंही नाव साफ होईल.

"नाई करत," मी म्हणालो.

"काऊन?"

"त्याले मी पाह्यलं नाई. मी पाह्यलेलाच माणूस करतो."

गोपाल दारात उभा राहिला. मग हळूच म्हणाला, दिवाळीत भिंती लागतील ना तुले. मी म्हणालो, नाही लागणार. दिवाळीत आमच्या घरात काय शिजेल ते मला आज ठाऊक नाही. तो गेला आणि बायको आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आत गेली आणि एक सदरा आणून माझ्यापुढं टाकला. बाजाराच्या दिवशी माझ्या अंगात होता तो. छातीवर डांबराचा डाग, धुऊनही न गेलेला.

आज पोळा झाला. अंगणात बडग्या तयार आहे. बांबूचा सांगाडा, आत धानाचं तणस, वर तो सदरा. हॅट नाही, निळे डोळे नाहीत. माणूस गुडघ्यावर आहे, ओणवा, नाक जमिनीला टेकलेलं. तोंड माझं आहे. आरशात पाहून काढलं. आयुष्यात मी माझं तोंड कधी काढलं नव्हतं. त्याच्या मानेवर एक हात आहे. हात खांद्यापर्यंतच, पुढं माणूस नाही. जाड बोटं, बोटांत अंगठ्या. अंगठ्यांना सोनेरी रंग दिला आहे, लांबून दिसावा असा.

उद्या पहाटे मी त्याला माझ्या खांद्यावर घेणार. चौकातून नेणार, जिथं मासोळीवाल्या बसतात तिथून. सेठच्या गोदामापुढून नेणार. लोक ओरडतील, घेऊन जा गे मारबत. मीही ओरडणार. शिवेबाहेर गेल्यावर या वाकलेल्या माणसाला माझ्या हातानं पेटवणार. तो पुन्हा माझ्या घरात येता कामा नये.

वाटेत कोणी विचारलं हा कोण, तर पेंटर म्हणणार नाही. माझं पूर्ण नाव सांगीन, बापाच्या नावासकट. आणि मानेवरचा हात कोणाचा हे विचारलं, तर तेही सांगीन.