वाटीतली राख

याकूब सोलकर उन्हाळाभर शारजातल्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करत भाजून निघायचे. थंडीत ते काम मंदावलं की कंपनी त्यांना रास अल खैमाच्या डोंगरातल्या घरांकडे पाठवायची. तिथे हल्ली पेलेटच्या शेगड्या आल्या होत्या. लाकडाच्या भुशाच्या कांड्या आपोआप एका लोखंडी वाटीत पडतात, वाटीच्या बुडाला असलेल्या भोकांतून हवा येते आणि काचेआड जाळ धरतो. आठवड्यातून एकदा राख काढायची, एवढंच काम.

आता राखेतलं याकूबभाईंना कोणी काय शिकवावं? दापोलीजवळच्या त्यांच्या घरात पहाटेची चूल लहानपणी त्यांच्याकडेच असायची. चूल बुडापर्यंत खरवडायची नाही, राखेचा थर राखायचा, त्यात विस्तव टिकतो, हे आईने शिकवलेलं हाडीमाशी खिळलं होतं. कंपनीचा इंजिनियर उपेंद्र याने "याकूबभाई, वाटी फुल क्लीन पाहिजे हां," असं बजावलं, तेव्हा ते तोंडाने हो म्हणाले. मनात मात्र म्हणाले, याने जन्मात कधी फुंकणी हातात धरलीय का?

आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या एका शेगडीच्या वाटीत दर शुक्रवारी त्यांनी बोटभर राख मुद्दाम ठेवली. काच काळी पडू लागली, ती पुसली. जाळ मरगळला, तर दोष कांड्यांना दिला.

ही शेगडी उम्म सालिम यांच्या घरची, म्हणजे सालिमच्या आईच्या. ऐंशीच्या घरातल्या या बाई त्याच डोंगरात वाढलेल्या. नोकरीसाठी अबुधाबीत राहणाऱ्या सालिमने त्यांना इथे राहू दिलं होतं ते एकाच अटीवर: घर उबदार हवं आणि धोका नको.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी याकूबभाई पोचले, तर उम्म सालिम शाल गुंडाळून अंगणात खोकत बसलेल्या. पहाटे खोलीभर धूर कोंडला होता. अबुधाबीहून धावत आलेला सालिम गाडीत त्यांच्या बॅगा भरत होता.

"मशीन खराब, खलास," तो म्हणाला. "उम्मी अबुधाबी जाएगी. इधर वापस नहीं."

उम्म सालिम समोरच्या कड्याकडे बघत राहिल्या, आणि डोळे पुसले ते काही धुराने नव्हे.

याकूबभाईंनी थंड झालेली शेगडी उघडली. वाटीच्या बुडाला राखेची खपली धरली होती. एकही भोक मोकळं नव्हतं. वर अर्धवट जळलेल्या कांड्यांचा ढीग. हवाच नाही, तर जाळ कुठून होणार? चुलीला राख लागते आणि हिला चालत नाही, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी बाजूला जाऊन उपेंद्रला फोन लावला.

"साहेब, चूक माझी आहे. राख मीच ठेवत होतो."

उपेंद्रने आवाज खाली आणला. "याकूबभाई, कुणाला बोलू नका. रिपोर्टमध्ये मी मशीनचा फॉल्ट टाकतो. तुमचा व्हिसा रिन्यूला आलाय. यल्ला, चला, निघा तिथून."

ज्याला त्यांनी मनात हसण्यावारी नेलं होतं, तोच त्यांना वाचवायला बघत होता. गप्प राहणं किती सोपं होतं! मशीन भंगारात गेलं असतं, ते सुटले असते. पण बाई कायमच्या इथून उठल्या असत्या, आणि त्याही याकूबभाईंच्या शहाणपणापायी.

ते सालिमपुढे जाऊन उभे राहिले. "मशीन अच्छा है. गलती मेरा है."

"कब से?"

"पहले दिन से."

सालिमने हातातली बॅग खाली ठेवली. "साफ कर. जला के दिखा. फिर तू इधर नहीं आना."

याकूबभाईंनी वाटी बुडापर्यंत खरवडली, एकेक भोक तारेने मोकळं केलं. दहा मिनिटांत स्वच्छ, उभा जाळ धरला. सालिमने तो खाली वाकून पाहिला, मग बॅगा गाडीतून परत आणल्या.

उम्म सालिम उठल्या. भिंतीला धरत, हत्यारं आवरणाऱ्या याकूबभाईंच्या शेजारून त्यांच्याकडे न पाहता आत गेल्या, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.