आत्याच्या नडगीतलं हाड

उधव्याच्या शाळेत निरोप आला, काशीआत्या गेली. विषमज्वराचं निमित्त झालं. नरपडला पोचलो तेव्हा सगळ्यात मोठ्याने रडत होता तिचा दीर, धर्मानाना. "आमची लक्षुमी गेली रं, मास्तर!" लक्षुमी... आठ वर्षं जिच्या हातचं पाणी घेतलं नाही, ती मेल्याबरोबर लक्ष्मी झाली! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

झालं होतं एवढंच की आत्याच्या नडगीत गाठ झाली होती आणि हाड आतून पोखरत चाललं होतं. मी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी गाठ खरवडून काढली आणि राहिलेल्या पोकळीत परदेशातून आलेले, स्वच्छ केलेले वासराच्या हाडाचे तुकडे भरले. तिच्याच कमरेचं हाड घ्यायचं तर आणखी एक मोठी जखम झाली असती, आणि ती फार अशक्त होती. "हा नुसता आधार आहे. त्यावर तुमचं स्वतःचं हाड वाढेल," असं त्यांनी आम्हाला समजावलं. पाय वाचला. दुसरी कोणी गप्प बसली असती. आत्याने मात्र डहाणूच्या बाजारात मासळीची टोपली उतरवता उतरवता सांगून टाकलं, "माझ्या पायात वासराचा हाड हाय, आता मी उड्या मारीत चालनार!"

नानाने त्याच संध्याकाळी तिचा कप घराबाहेर, ओटीवरच्या खिळ्याला टांगला. तेव्हापासून आत्याने चहा प्यायचा तो ओटीवर बसूनच. तिने सुकवलेले बोंबील मिटक्या मारत खाताना मात्र कोणाला वासरू आठवत नव्हतं. आत्याला त्याचंही हसू यायचं. रडू यायचं ते नारळी पौर्णिमेला. नवऱ्यामागे तिनेच सांभाळलेल्या होडीला कुंकू लावायला मिळावं, बाकी काही नको, एवढंच तिचं मागणं. मी डॉक्टरांचं बोलणं नानाला परत परत सांगितलं. "वासरू ते वासरू," म्हणाला तो शहाणा. ती दरवर्षी नारळ हातात धरून लांब वाळूत उभी राहायची, आणि तशीच घरी यायची.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला गेलो. नाना काठीने राख उकरत म्हणाला, "मास्तर, त्यो वासराचा हाड वेगला काढ. दर्या बाटंल."

"ओळखा आणि काढा," मी म्हणालो.

नाना वाकला, त्याचे दोन्ही भाऊ वाकले. तुकडे हातात घेऊन फिरवले, उन्हात धरून पाहिले. एकालाही सांगता येईना. शेवटी सगळं मडक्यात भरलं आणि दर्यात सोडलं, तेही तिच्याच होडीतून.

घरी आल्यावर नाना खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यो कप फेकून दे." मी कप धुतला, त्यात चहा ओतला आणि त्याच्यासमोर बसून प्यायलो. तेव्हापासून नाना माझ्या हातचं पाणी घेत नाही. नरपडला गेलो की मी ओटीवरच बसतो, आत्याच्या जागी... आणि चहा त्याच कपात मागतो.