कालवांच्या खडकांकडे जाणारी वाट आणि माझी एक सही

उरणच्या पुढे जाऊन खडकांवरची कालवं काढायची, हे माझ्या यादीत तीन वर्षं पडून होतं. ही यादी फोनमध्ये आहे. तिच्यात मी भराभर नावं टाकते आणि सुट्टी आली की नेरुळच्या घरी सोफ्यावर लोळत दुसऱ्यांचे फोटो बघते. या वेळी निघालो ते आईमुळे. तिच्या भावाचा, म्हणजे मामाचा, फोन आला. मंगळवारी तहसील कचेरीत तिचा जबाब आहे, दोन-तीन दिवस आधीच ये म्हणाला. आई मला म्हणाली, "जायचंच हाय तर कालवं पन काढू. तुज्या त्या ब्लॉगवर घाल."

जबाब कशाचा ते आधीच सांगते. आईचं माहेर समुद्राकाठचं छोटं गाव. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. गावातून एक पायवाट नारळीच्या वाडीतून थेट वाळूवर उतरते. पलीकडे कालवांचे खडक. गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने टोपल्या घेऊन जातात. चार वर्षांपूर्वी ती वाडी मुंबईच्या एका बाईंनी विकत घेतली, बंगला बांधला, भोवती भिंत घातली. वाट आता भिंतीच्या आत, आणि तिच्या दोन्ही टोकांना गेट. वाळू सरकारची, तिच्यावर कुणीही जावं. पण वाळूपर्यंत पोचायचं कसं? म्हणून मामाने आणि आणखी सात-आठ घरांनी वहिवाटीच्या हक्कासाठी अर्ज केलाय. आईचा जबाब त्यासाठी होता, कारण लग्न होऊन सारसोळ्याला, म्हणजे आमच्या नेरुळला, येईपर्यंत ती रोज त्याच वाटेवर होती.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. आता नेरुळहून उरणला रेल्वेही जाते आणि स्टेशनवरून रिक्षा मिळतात, एकटं जाणार असाल तर तेच सोयीचं. आईचे गुडघे, इन्सुलिनची थंड पिशवी आणि तिने मामीसाठी घेतलेला अर्धा बाजार यांमुळे आम्ही गाडी काढली. उलव्याच्या पुढे रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण कंटेनरचे ट्रेलर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की आई म्हणाली, "अगो, ते पलून नाय जात." वाटेत टपरीवर चहा आणि वडापाव घेतला. नाश्ता घरूनच करून निघा, पुढे तासभर काही धड मिळत नाही.

मला कशाचीही काळजी वाटते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. गॅस बंद केला का, टायरमध्ये हवा आहे का, वगैरे. या वेळी त्यात कचेरीची भर पडली होती. आई तिथे काय बोलेल, समोरचा वकील तिला घोळात घेईल का, तिची साखर खाली तर जाणार नाही.

रात्री जेवताना मामा आईला समजावत होता. ताटात सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि मी एका हाताने फोनवर फोटो निवडत होते. मामा म्हणाला, "अक्का, वकिलानं एकच गोष्ट सांगितलीय. आमी ती वाट कुनाला विचारून वापरली नाय. पैल्या मालकाला पन नाय. विचारलं नाय म्हनून ती आमची वहिवाट हाय. एकदा का विचारलं, का मग ती त्यांची मेहेरबानी झाली."

"मी कशाला विचारू कुनाला?" आई म्हणाली.

मी हे ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

रविवारी पहाटे निघताना आईने बोटांवर हिशेब केला. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत अशी: जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. त्या दिवशी तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला पाणी पूर्ण भरणार, आणि त्याआधी सहा तास, आठच्या आसपास, ओहोटी तळाला. वाटेचं गेट बंद, म्हणून बंदराकडून खडकांच्या एका कोपऱ्याला वळसा घालून जायचं. हा कोपरा फक्त ओहोटीत उघडा असतो. "साडेनवाला कोपऱ्याच्या भायेर पायजे," तिने बजावलं. परत येऊन नाश्ता करायचा होता, म्हणून बरोबर फक्त पाण्याची बाटली घेतली.

कालवं काढणं लांबून सोपं दिसतं. खडकाला चिकटलेले खरबरीत शिंपले, त्यांचं झाकण टोकदार लोखंडी पट्टीने उचकटायचं आणि आतलं ओलं मांस अलगद डब्यात घ्यायचं. आई उकिडवी बसू शकत नाही, म्हणून एका दगडावर टेकून, पुढे वाकून काढत होती. टक, टक, आणि डब्यात एक. मी तीन काढली आणि अंगठा कापून घेतला. जुने बूट घाला, हातमोजे न्या. समुद्र अजून बराच आत होता, ओल्या खडकांवर ऊन चमकत होतं, आणि मी आईचे हात, डबा, खेकडे, शेवाळ, सगळ्याचे फोटो काढत सुटले. आईने दोनदा हाक मारली. मी दोनदा "आलेच" म्हटलं. तिने पुढे एकटीने जायला हवं होतं, पण निसरड्या दगडांवर तिला माझा हात लागतो.

कोपऱ्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पाणी कमरेएवढं असेल, पण लाट येऊन खडकावर फुटत होती आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढत होती. मी एक पाऊल टाकलं आणि मागे आले. आईने पाण्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "नाय जमायचं."

मग वाळूवरून बंगल्याच्या गेटपाशी आलो. मी गेट वाजवलं, हाका मारल्या. पाचेक मिनिटांनी वॉचमन आले. पन्नाशीचे, डोक्याला मफलर. जाधव नाव सांगितलं त्यांनी, साताऱ्याकडचे.

"ताई, हिकडनं सोडायची आर्डर न्हाय मला. माजी नोकरी जाईल."

"काका, आईला डायबेटिस आहे. तिने सकाळपासून खाल्लं नाही. कोपरा बुडालाय."

त्यांनी आईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि डबा धरलेला हात थरथरत होता. मला ती थरथर ओळखता येते. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात ती अशीच थरथरून खाली बसली होती.

काकांनी मालकीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आवाज अगदी सभ्य होता. "अहो, सोडा ना त्यांना, त्यात काय! मी काय माणसांना बुडवणार आहे का? फक्त रजिस्टरमध्ये एन्ट्री घ्या. मालकांच्या परवानगीने, असं लिहून सही घ्या."

गजांमधून रजिस्टर बाहेर आलं. नाव, मोबाइल, वेळ, कारण, सही. आमच्या सोसायटीत असतं तसंच.

"सही नको करू," आई म्हणाली.

"आई, तुला चक्कर येतेय."

"मी हितं भिंतीला टेकून बसते. पानी पायापरेंत येल, वर येत नाय. सांजला उतरल."

"संध्याकाळपर्यंत? गोळी नाही, खायला नाही!"

"मला म्हाईत हाय हे पानी. सोनल, सही नको करू."

जाधवकाका खाली मान घालून उभे होते. "बघा ताई," एवढंच म्हणाले. पहिली लाट आमच्या चपलांना लागली, आणि मी पेन घेतलं. सगळे रकाने भरले. कारणाच्या रकान्यात काकांनी सांगितलं तसं लिहिलं: मालकांच्या परवानगीने रस्ता वापरला. अक्षर चांगलं आलं. रोज कुठल्या ना कुठल्या गेटवर मी असं लिहीत असते, हाताला सवय आहे. आईच्या नावापुढे सही हवी होती, तिथे तिने पेन हातात घेतलं नाही. काकांनी तो रकाना तसाच सोडला.

गेट उघडलं. वाट तीच होती, दोन्ही बाजूंना आता शोभेची झाडं आणि छोटे दिवे. आई डबा छातीशी धरून सरळ चालत गेली. मला वाटलं ती काही दाखवेल, इथे आमचं हे होतं, तिथे ते होतं. तिने काही दाखवलं नाही. दुसऱ्या गेटबाहेर जाधवकाकांनी खिशातून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला. तिने घेतला, आणि चालता चालता तीन बिस्किटं खाल्ली.

घरी गेटवरची हकीकत ऐकून मामाने विचारलं, "काय लिवलंस? नेमकं काय लिवलंस?" मी सांगितलं. त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मामीने कालवांचं सुकं केलं, कांदा, आलं-लसूण, कोकम घालून. चव अप्रतिम असते म्हणतात. मी ताट तसंच उचलून ठेवलं. रात्रभर मला एकच वाटत होतं, या सात-आठ घरांची वाट मी एका ओळीत घालवली. आणि लगेच दुसरं वाटायचं, आई पडली असती तर? पाणी खरंच पायापर्यंतच आलं असतं का, हे मला आजही माहीत नाही.

मंगळवारी कचेरीत आईचा जबाब झाला. वाट कधीपासून, कोण कोण जायचं, वाडीच्या जुन्या कुंपणात जायला कुठे जागा होती, सगळं तिने न अडखळता सांगितलं. मग समोरच्या वकिलांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो पुढे केला. माझंच अक्षर.

"ही तुमची मुलगी ना? हिने परवानगी मागून वाट वापरली, बरोबर?"

मी मागच्या बाकावर होते. आई वळून बघेल असं वाटलं. ती तहसीलदार साहेबांकडे बघत म्हणाली, "मुलगी माजी हाय. गावची नाय. ती नेरुलची. तिला ही वाट ठावूक नाय, तिचा या वाटेशी कायपन संबंध नाय. गावच्या बाईनं सही केली असंल तर दाखवा."

टायपिस्टने ते लिहून घेतलं. खाली आईने सही केली. बाहेर आमचे वकील खुशीत होते, उत्तर चोख दिलं म्हणाले. मामा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला आणि सगळ्यांना चहा पाजला. निकाल अजून लागलेला नाही.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत, आणि खायला बरोबर घ्या. बंदराच्या बाजूची वाळू सगळ्यांना मोकळी आहे. गेटवर कुणी वही पुढे केली तर सही करण्याआधी गावात कुणाला तरी विचारा.

परत येताना गाडीत आई झोपली होती. नेरुळला सोसायटीच्या गेटपाशी ती जागी झाली. घरात आल्यावर मी तिला गोळी दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आई, वकिलांनी शिकवलं होतं का तसं बोलायला? माझा काही संबंध नाही, असं?"

"नाय," ती म्हणाली. "कचेरीत खरंच सांगाया लागतं."

मग तिने पेला माझ्या हातात दिला आणि झोपायला गेली.